तुमची केस जर्नलमध्ये छापायची असेल तर...

"हे मेडिकल जर्नलमध्ये छापून आलंय" असं म्हटलं की पुढचा वाद बहुतेक वेळा तिथेच संपतो. पण जर्नलमधला लेख तिथपर्यंत पोचतो कसा, तो कोण तपासतं आणि ज्या रुग्णाची त्यात हकीकत असते त्याचा त्यावर काय हक्क असतो, याबद्दल आपण फारसं बोलत नाही. काही वर्षांपूर्वी मी एक केस रिपोर्ट लिहून पाठवला होता. त्याच्या आधाराने हे सगळं आज समजावून सांगतो. रुग्णाची ओळख पटेल असा तपशील इथे दिलेला नाही.

एक गृहस्थ पोटात येणारा मुरडा, बद्धकोष्ठ आणि थकवा घेऊन आले. सोनोग्राफी झालेली, दुर्बिणीने तपासणी झालेली, दोन्हींत काही नाही. हिमोग्लोबिन मात्र कमी होतं आणि लोहाच्या गोळ्यांनी वाढत नव्हतं. आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी रक्ताची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः पाहिली. लाल पेशींत बारीक निळसर ठिपके दिसले. असे ठिपके इतरही काही आजारांत दिसतात, पण सोबत पोटाचा मुरडा असेल तर शिशाच्या विषबाधेची शंका घ्यावीच लागते. मी विचारलं, "आणखी काही औषध घेता का? भस्म, चूर्ण, काढा?" ते पत्नीकडे बघून "नाही" म्हणाले. दुसऱ्या दिवशी एकटेच आले आणि खिशातून कागदाची पुडी काढून टेबलावर ठेवली. रक्तातलं शिसं मर्यादेच्या कितीतरी पट निघालं. पुडी प्रयोगशाळेत पाठवली, तिच्यातही शिसं सापडलं. पुडी बंद केली, शरीरातलं शिसं बाहेर काढणारं औषध दिलं आणि ते बरे झाले.

आता यात लिहिण्यासारखं काय? लेख लिहायला बसण्याआधी हाच प्रश्न स्वतःला विचारायचा असतो. त्यासाठी आधीचं वाङ्मय धुंडाळावं लागतं. अशा औषधांत शिसं असू शकतं हे नवं नव्हतं. २००४ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. मला सांगायचं होतं ते एवढंच, की महागड्या तपासण्या नॉर्मल आल्या तेव्हा काही रुपयांच्या स्लाइडने वाट दाखवली. छोट्या गावातल्या डॉक्टरला आजच उपयोगी पडेल अशी ही गोष्ट होती.

"जर्नलमध्ये लिहिणं हे मोठ्या कॉलेजातल्या प्राध्यापकांचं काम" असं मानणाऱ्यांना मी नेहमी डॉ. हिम्मतराव बावस्करांचं उदाहरण देतो. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचूदंशाचे रुग्ण पाहताना त्यांनी बारकाईने नोंदी ठेवल्या. १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचं विंचूदंशाच्या लक्षणांवरचं लिखाण आलं आणि १९८६ मध्ये प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाच्या वापराबद्दलचं. ते वाचून दुसऱ्या गावातल्या डॉक्टरांच्या हाती एक स्वस्त उपचार आला. नोंद वहीतच राहिली असती तर ती बिरवाडीच्या बाहेर गेली नसती.

केस रिपोर्टमध्ये काय काय असावं याची 'केअर' नावाची मार्गदर्शक यादी २०१३ पासून उपलब्ध आहे. रुग्णाची तक्रार, तपासण्या, निदान, उपचार, पुढे काय झालं, आणि रुग्णाचं स्वतःचं म्हणणंसुद्धा. लिहिताना खरी कसरत असते ती 'मी काय पाहिलं' आणि 'मला काय वाटतं' हे वेगळं ठेवण्याची. पुडीत शिसं होतं, हे पाहिलेलं. पुडीमुळेच आजार झाला, हा निष्कर्ष. दोन्ही वाक्यं एका दमात लिहायची नाहीत.

लेखकांची नावं हा नाजूक विषय. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखक कोणाला म्हणावं याच्या चार अटी घातल्या आहेत: कामात भरीव वाटा, लिखाणात किंवा त्याच्या दुरुस्तीत सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि उद्या प्रश्न आला तर उत्तर देण्याची जबाबदारी. चारही पूर्ण व्हायला हव्यात. पॅथॉलॉजिस्ट मॅडम त्यात बसत होत्या. एका वरिष्ठांनी "माझंही नाव घाला" असं सुचवलं. त्यांनी रुग्ण माझ्याकडे पाठवला होता, म्हणून शेवटी आभारात त्यांचा उल्लेख केला. ते थोडे नाराज झाले.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रुग्णाची संमती. उपचाराला दिलेली संमती छापायला चालत नाही, ती वेगळी आणि लेखी लागते. फोटोत डोळ्यांवर काळी पट्टी मारली की ओळख लपते, हा समजही आता संपादक मान्य करत नाहीत. छोट्या गावात वय, धंदा आणि आजार एवढं सांगितलं तरी माणूस कळतो. मी लेख त्या गृहस्थांना मराठीत वाचून दाखवला. ते म्हणाले, "सगळं लिहा डॉक्टर. दुसऱ्या कुणाचं तरी पोट वाचेल. फक्त पुडी कशासाठी घेत होतो ते लिहू नका." त्यांच्या घरी ते कारण कोणाला माहीत नव्हतं. निदान समजायला त्याची गरजही नव्हती. मी ते गाळलं.

मग जर्नलची निवड. तुमचं लिखाण कोणाच्या उपयोगाचं आहे हे पाहून निवड करायची आणि एका वेळी एकाच जर्नलकडे पाठवायचं. रोज ईमेल येतात: "आदरणीय प्राध्यापक, आपला बहुमोल लेख पाठवा, तीन दिवसांत स्वीकारू." पैसे घेणारं प्रत्येक जर्नल खोटं नसतं, पण न वाचताच स्वीकाराची हमी देणारं नक्की संशयास्पद. २०१३ मध्ये जॉन बोहॅनन या पत्रकाराने 'सायन्स'साठी ढोबळ चुका मुद्दाम पेरलेला एक बनावट शोधनिबंध ३०४ जर्नलांना पाठवला होता. १५७ जर्नलांनी तो स्वीकारला!

पहिल्या जर्नलने आमचा लेख आठवड्याभरात परत केला. असे विषय त्यांच्याकडे भरपूर येतात, हे कारण. यात मनाला लावून घेण्यासारखं काही नसतं. दुसऱ्या जर्नलने तो दोन समीक्षकांकडे पाठवला. पहिल्याने विचारलं की घरातलं पाणी, रंग, कामाची जागा या शक्यता कशा वगळल्या? प्रश्न रास्त होता. कामाच्या जागेची आमची नोंद होती, घरच्यांच्या रक्ताचे अहवालही मर्यादेत होते, ते जोडले. दुसऱ्याने विचारलं, "रुग्ण ही पुडी कशासाठी घेत होता? हे लिहिल्याशिवाय हकीकत अपुरी आहे."

'अशक्तपणासाठी' असं लिहून मोकळं होता आलं असतं. कोणाला कळलंही नसतं. पण खासगी तपशील गाळता येतो, त्याच्या जागी खोटा घालता येत नाही. उद्या कोणी अशा वीस केसेस एकत्र करून अभ्यास करेल, तेव्हा माझं खोटं कारण त्याच्या तक्त्यात जाऊन बसेल. मी पुन्हा त्या गृहस्थांना बोलावून विचारलं. त्यांचं उत्तर तेच होतं. समीक्षकांना प्रत्येक मुद्द्याचं क्रमवार उत्तर पाठवताना इथे लिहिलं, "कारण खासगी आहे. रुग्णाने ते प्रसिद्ध करायला संमती दिलेली नाही." लेखातही तसंच एक वाक्य घातलं. संपादक अडून बसले असते तर लेख मागे घ्यायचा, हे मॅडमचं आणि माझं ठरलं होतं. त्यांनी ते वाक्य ठेवून लेख स्वीकारला.

छापून आलं म्हणजे अंतिम सत्य ठरलं असं नाही, हेही लक्षात ठेवा. गोवराच्या लसीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा १९९८ चा लेख 'लॅन्सेट'मध्येच आला होता. त्यात फक्त १२ मुलं होती. तो २०१० मध्ये मागे घेण्यात आला, पण त्याने पेरलेली भीती अजून गेलेली नाही. आमचा लेख तर एकाच माणसाचा. त्यावरून सगळं आयुर्वेद विषारी असं कोणी म्हणू नये. लेबल नसलेली, बनवणाऱ्याचा पत्ता नसलेली पुडी घेऊ नये आणि घेत असाल तर डॉक्टरांना सांगावं, एवढंच म्हणता येतं. चारचौघांत सांगायचं नसेल तर एकटे येऊन सांगा.

तुमच्या डॉक्टरांनी कधी तुमची केस छापण्याची परवानगी मागितली, तर तीन गोष्टी विचारा. मला आधी वाचून दाखवाल का? फोटो आणि गावाचं नाव असणार का? मी नाही म्हटलं तर उपचारांत फरक पडेल का? तिसऱ्याचं उत्तर नेहमी 'नाही' असंच असायला हवं. छापण्याआधी संमती मागे घेता येते. छापून इंटरनेटवर गेल्यावर मात्र ते पुरतं परत आणता येत नाही, म्हणून सही करायला हवा तेवढा वेळ घ्या.