चिऊच्या औषधाची वेळ

सोलापूर,
१० डिसेंबर २०२४

चि. धाकटीस,


तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. तू जे विचारलंस ते फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतं, आणि लिहायला बसलं की चिऊ मांडीवर चढून पेन ओढते. आज ती लवकर झोपली. रात्री आठचं औषध झालंय, भांडी झालीत, हे ड्यूटीवर आहेत. म्हणून बसले.

दत्तकाच्या यादीतल्या त्या दीड वर्षाच्या मुलाच्या माहितीत 'झटके' असा शब्द वाचल्यापासून तुला झोप नाही, आणि तुझा नवरा म्हणतो, ताईला विचार, तिनं हे सोसलंय. त्याला सांग, सोसतेय ती चिऊ. आम्ही तिचे आईबाप आहोत, आणि जे करतो ते कुठलेही आईबाप करतातच. लोक आम्हाला रस्त्यात थांबवून म्हणतात, "फार पुण्याचं काम केलंत." ऐकलं की मला पोटातून वाईट वाटतं. पोटच्या पोरीला ताप आला आणि तिची आई रात्रभर जागली, तर कुणी तिला पुण्य केलं म्हणत नाही. हे वाक्य तुम्हालाही ऐकावं लागेल. मुलाला कळायला लागण्याआधी त्याचं उत्तर तयार ठेवा.

आमच्याकडे कागद आले तेव्हा चिऊ चौदा महिन्यांची होती. फोटोत डोळे मोठे आणि एक हात तोंडात. वैद्यकीय अहवालात लिहिलेलं होतं की जन्मल्यावर लगेच रडली नाही, वजन कमी होतं, पहिल्या आठवड्यात झटके आले, औषध चालू. मूल राखून ठेवायला आम्हाला ४८ तास मिळाले होते. त्यातले निम्मे आम्ही नुसते एकमेकांकडे बघण्यात घालवले. मग ह्यांनी रेल्वेतल्या एका सहकाऱ्याच्या ओळखीनं मुलांच्या मेंदूच्या डॉक्टरांना अहवाल दाखवला. त्यांनी गोड बोलून धीर दिला नाही. म्हणाले, जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला असावा. फिट औषधानं आटोक्यात येऊ शकतात, बोलणं-चालणं उशिरा होईल, किती उशिरा ते आज कुणी सांगू शकणार नाही. मला त्या माणसाचा फार आधार वाटला. तुम्हीही आधी तेच करा. कागद डॉक्टरांना दाखवा, प्रार्थना करा, आणि दोन्ही झाल्यावरच ठरवा. नाही म्हणावंसं वाटलं तर नाही म्हणा. मूल घरी आणून चार महिन्यांनी परत पाठवण्यापेक्षा आज नाही म्हणणं त्या लेकरासाठी बरं.

आता रोजचं सांगते. सकाळी आठ आणि रात्री आठ, लेव्हेटिरासिटॅमचं सिरप, बिनसुईच्या सिरिंजनं गालाच्या आतून. मात्रा वजनावर ठरते, म्हणून दर भेटीत आधी वजनकाटा. पहिले दोन महिने ती इतकी चिडायची, डोकं आपटायची, की मला वाटलं मी हिला आवडत नाही. तो औषधाचाही परिणाम असू शकतो हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. तोवर मी किती रडले ते देवाला ठाऊक. ईईजी काढायच्या आदल्या रात्री तिला जागं ठेवायचं होतं. मी आणि सासूबाई दोघींनी मिळून पहाटेपर्यंत नाताळची गाणी म्हटली, तेव्हा एप्रिल होता. पुण्याला दाखवायला जातो तेव्हा पहाटे उठून हुतात्मा एक्सप्रेस धरतो. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी आमच्यासाठी, तिच्यासाठी मऊ भात, आणि सिरपची बाटली माझ्या पर्समध्ये, सामानाच्या बॅगेत कधीच नाही. औषध एक वेळही चुकवायचं नाही, आणि बरं वाटतंय म्हणून आपल्या मनानं बंद तर मुळीच करायचं नाही. उन्हाळ्यात सोलापूरचा पारा ४४ वर गेला की मला धास्ती बसते, कारण आमच्या चिऊला ताप चढला की फिटची भीती वाढते. दुपारी ओल्या पंच्यानं अंग पुसायचं, ताप दिसला की लगेच डॉक्टर.

फिट कशी असते ते तू पाहिलेलं नाहीस. आधी नजर एका बाजूला जाते आणि थांबते. मग हात ताठ, मग सगळं अंग. ओठ निळसर होतात. पहिल्यांदा मी किंचाळले. आता घड्याळ बघते. तिला कुशीवर वळवते, गळ्याशी सैल करते, आजूबाजूचं टोकदार काही असेल ते दूर सारते. तोंडात काही घालायचं नाही, चमचा नाही, बोट नाही, पाण्याचा थेंब नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. पाच मिनिटांत थांबली नाही तर डॉक्टरांनी लिहून दिलेला नाकातला फवारा मारायचा आणि तडक दवाखाना. एरवी दीड-दोन मिनिटांत संपते आणि ती गाढ झोपते. ती दीड मिनिटं मात्र घड्याळानं मोजायची असतात. नुसत्या मनानं मोजली तर दहा वाटतात.

आता माझी चूक. हे पत्र मी खरं तर ती सांगण्यासाठीच लिहायला घेतलं.

घरातल्या माणसांशिवाय आम्ही चिऊच्या आजाराबद्दल कुणालाही सांगितलं नव्हतं. चर्चच्या मंडळीत नाही, शेजारी नाही. सासूबाई म्हणाल्या, "आधीच पोर दत्तक, त्यात हे कळलं तर जन्मभर तोंडावर मारतील." मला ते पटलं, म्हणजे सोयीचं वाटलं. मी शाळेत शिकवायला गेले की चिऊ पाळणाघरात राहायची. तिथल्या ताईंना मी सांगितलं, "सर्दीचं औषध असतं, ते घरीच देतो." गेल्या जुलैत भरदुपारी फोन आला. पोचले तेव्हा पोरीच्या तोंडातून रक्त येत होतं. तिचे दात आवळलेले बघून त्या बाईंनी जीभ चावली जाऊ नये म्हणून स्टीलच्या चमच्याचा दांडा घातला होता, नाकाशी फोडलेला कांदा धरला होता, कुणीतरी चप्पल आणली होती. वरचा एक दुधाचा दात अर्धा तुटला. पाणी पाजलं नव्हतं, ही देवाची कृपा. ते श्वासात गेलं असतं तर हे पत्र मी लिहिलं नसतं. त्या बाईंनी जिवाच्या आकांतानं जे ठाऊक होतं ते केलं. ठाऊक करून द्यायला हवं होतं ते मी. माझ्या लाजेची किंमत माझ्या अडीच वर्षांच्या मुलीनं दातानं चुकवली.

त्या रविवारी उपासनेनंतर महिला मंडळाची सभा होती. मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. सुरुवातीला आवाज फुटेना. एक वडीलधाऱ्या बाई उठून जवळ आल्या, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "पोरी, हे आजाराचं नाही, हे दुष्ट आत्म्याचं आहे. मार्काचा नववा अध्याय काढ. तीन दिवस उपास धरू, औषध बंद कर." त्यांचा हेतू वाईट नव्हता, त्या माझ्यासाठी रडत होत्या. पण शेवटचे तीन शब्द ऐकून माझ्या पायाखालची जमीन सरकली. औषध एकदम बंद केलं तर एकामागून एक फिट येत राहू शकतात आणि मूल हातचं जाऊ शकतं, एवढं मला डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत बजावलेलं.

पाळकसाहेब दारातच उभे होते. ते म्हणाले, लूक स्वतः वैद्य होता, आणि पौलानं त्याला प्रिय म्हटलं; औषध चालू राहील आणि प्रार्थनाही चालू राहील. मग मला म्हणाले, फिट आल्यावर काय करायचं ते सगळ्यांना दाखवा. शब्बाथ शाळेची एक कापडी बाहुली होती. तिला मी कुशीवर वळवून दाखवलं. नंतर प्रत्येकीनं करून पाहिलं, त्या वडीलधाऱ्या बाईंनीही.

मार्काचा नववा अध्याय मी त्या रात्री पुन्हा वाचला. लहानपणी वाचताना माझं लक्ष त्या मुलावर असायचं, आता त्याच्या बापावर गेलं. त्याच्या मुलाला बालपणापासून हे होतंय, कधी विस्तवात पडतो, कधी पाण्यात. बापाला लोकांसमोर ते सगळं सांगावं लागतं, आणि आपला विश्वास पुरा नाही हेही तो तिथंच कबूल करतो. येशू त्याला दटावून परत पाठवत नाही. त्या बापानं लपवलं असतं तर तो गर्दीत मागेच राहिला असता. मी सव्वा वर्षाहून जास्त काळ गर्दीत मागे उभी होते.

सभा संपल्यावर काय झालं ते ऐक. तीन बायका वेगवेगळ्या येऊन मला कोपऱ्यात घेऊन गेल्या. एकीच्या नवऱ्याला फिट येतात, एकीच्या भाच्याला. आणि तिसरीला स्वतःला, लग्नाआधीपासून. तिच्या सासरी अजून माहीत नाही, गोळ्या ती तांदळाच्या डब्यात ठेवते. आपण एकाच बाकावर बसून एकाच पुस्तकातून गातो, आणि एवढं मोठं ओझं शेजारणीला दिसू देत नाही.

काल ९ डिसेंबर. संध्याकाळी भैया चौकातून येताना चिऊला डॉ. कोटणीसांच्या घरासमोर उभं केलं. तू नगरला सासरी गेलीस त्यानंतर त्यांच्या या घराचं स्मारक झालं. शाळेत आपण त्यांच्यावर निबंध लिहायचो, आठवतं? सोलापुरात जन्म १९१०, १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला, युद्धातल्या जखमींवर शस्त्रक्रिया, तिथल्याच क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न, मुलाचं नाव यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन. शांतारामबापूंचा सिनेमाही आपण पाहिला. पण ते गेले कशानं, हे मी माझ्या वर्गाला इतकी वर्षं कधी सांगितलं नाही. त्यांना फिट येत असत. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यातच ते गेले. ज्याचा या गावाला सर्वांत जास्त अभिमान, त्याला हाच आजार होता, आणि याच गावात बायका गोळ्या तांदळात लपवतात. या वर्षी मी वर्गात सांगितलं. मागच्या बाकावरचा एक मुलगा मधल्या सुट्टीत येऊन म्हणाला, "बाई, मलापण येतात."

तुझ्या सासूबाई लग्नाचं विचारतील, मूल दीड वर्षाचं असलं तरी विचारतील. त्यांना सांग की हिंदू विवाह कायद्यात आणि विशेष विवाह कायद्यात फेफरं हे वेडासोबत लग्नाला अडथळा म्हणून लिहिलेलं होतं, ते १९९९ साली काढून टाकलं. कायद्यानं डाग पुसून पंचवीस वर्षं झाली. माणसांच्या मनातून पुसायला आपणच बोलावं लागेल. पुण्यात यशोदा वाकणकरांची संवेदना ही संस्था फिट येणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हेच काम करते. तुम्ही दोघं आधी एकदा तिथं जाऊन या.

आणखी एक, कागदांबद्दल. आपल्या मोठ्या काकांनी वसतिगृहातून आणलेली ताई आठवते ना? ती त्यांना बाबा म्हणायची, पण कागदावर काका फक्त पालक होते. हिंदूंना १९५६ पासून दत्तकाचा कायदा होता, आपल्याला नव्हता. ख्रिस्ती माणसाच्या हातात १८९० चा पालकत्वाचा कायदा, म्हणजे मूल सज्ञान झालं की नातं संपलं. काका गेल्यावर घराची वाटणी झाली तेव्हा ताई ओट्यावर बसून होती, आणि आपण सगळे गप्प होतो. पंढरपूरला, आपल्याच जिल्ह्यात, लालशंकर उमियाशंकरांनी १८७५ साली टाकलेल्या अर्भकांसाठी आश्रम काढला. त्यानंतर सव्वाशे वर्षं उलटत आली तरी ख्रिस्ती घराला असं लेकरू पूर्णपणे आपलं म्हणता येत नव्हतं. १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती रिबेलो यांनी मुलाचा घर मिळण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच धरला, २००० च्या बाल न्याय कायद्यानं वाट केली, आणि २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं शबनम हाश्मींच्या खटल्यात स्पष्ट केलं की या कायद्यानं कुठल्याही धर्माच्या माणसाला दत्तक घेता येतं. चिऊच्या दत्तकाच्या आदेशावर जिल्हाधिकाऱ्यांची सही आहे. ती आमची मुलगी आहे, पोटच्या मुलीचे सगळे हक्क तिला आहेत. तो कागद हातात आला त्या दिवशी मला ताईच आठवली. मी तिला फोन केला. ती बराच वेळ काही बोलली नाही.

तर माझं उत्तर. डॉक्टर हो म्हणाले आणि तुमच्या दोघांचं मन हो म्हणालं, तर घ्या ते लेकरू. त्याचा आजार बघून घेऊ नका आणि आजाराकडे डोळेझाक करूनही घेऊ नका. पण एक वचन मला हवं. ज्या दिवशी तो घरी येईल त्याच आठवड्यात शेजारी, पाळणाघर, मंडळी, सगळ्यांना आजाराचं नाव सांगा. ते जमणार नसेल तर थांबा.

नाताळला दोघं या. करंज्या तुझ्यावाचून अडल्यात, खवा मी आणून ठेवते. चिऊला शेवटची फिट जुलैत आली, त्याला पाच महिने होतील. अजून दोन शब्द जोडून बोलत नाही, पण 'आई' म्हणते आणि तुटक्या दातानं हसते. शब्बाथ शाळेच्या नाटकात यंदा ती मेंढरू आहे. तिच्या पांढऱ्या फ्रॉकला मी पुढून खिसा शिवलाय. आत जाड कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय: मला फिट येते. मला कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका. खाली आमचा नंबर.

तुझी,
ताई