थोडासा वाव

पत्रिका जुळवून पाहण्याची विद्या आपल्या समाजातून हळूहळू नाहीशी होत चालली आहे, असे माझे आजवर मत होते. गेल्या महिन्यात चिरंजिवांच्या संगणकासाठी मदरबोर्ड निवडण्याचा प्रसंग आला आणि ते मत मला बदलावे लागले. ती विद्या नाहीशी झालेली नाही. तिने केवळ बिऱ्हाड बदलले आहे. बोर्डाचे सॉकेट प्रोसेसरशी जुळले पाहिजे, रॅमची जात बोर्डाशी जुळली पाहिजे आणि साऱ्यांना पेटीचे मोजमाप मानवले पाहिजे. एटीएक्स बोर्ड 305 मिलिमीटर लांब आणि 244 रुंद. मायक्रो-एटीएक्स दोन्ही अंगांनी 244. आणि मिनी-आयटीएक्स तर अवघा 170. एएम5 सॉकेटाच्या बोर्डावर इंटेलचा प्रोसेसर बसत नाही आणि डीडीआर4 रॅम चालत नाही. येथे तडजोड नाही, की कोणत्याही ग्रहाची शांती नाही.

संगणक सुटे भाग आणून घरीच जुळवायचा, हे चिरंजिवांनी आधीच ठरवले होते. माझ्याकडे केवळ पैसे देण्याचे आणि मत देण्याचे काम होते. त्यांपैकी पहिले मुकाट्याने करावे आणि दुसरे करूच नये, हा शहाण्या बापाचा मार्ग. परंतु तीस वर्षे वर्गात बोलण्याची सवय लागलेल्या माणसाला तो मार्ग साधत नाही. मी विचारले, "बोर्डाकडून तुला हवे तरी काय?" तो म्हणाला, "ओव्हरक्लॉकिंग." कारखान्याने नेमून दिलेल्या गतीपेक्षा अधिक गतीने प्रोसेसर पळवणे, असा त्याचा अर्थ. मी म्हणालो, "मला जोडण्या हव्यात." घरात एक वृद्ध प्रिंटर आहे, त्याहून वृद्ध स्कॅनर आहे आणि वीस वर्षांची टिपणे पोटात घेऊन बसलेल्या दोन हार्ड डिस्क आहेत. या सर्वांना दार उघडणारा बोर्ड मला हवा होता. एकाला वेग हवा, दुसऱ्याला नाती हवीत! वयाचा फरक यापरता निराळ्या शब्दांत सांगावयास नको.

मग आम्ही दोघे तीन रविवार एका टेबलाशी बसलो. इंटेलच्या पंथात गती वाढवण्याचा अधिकार सरसकट सर्वांना नाही. प्रोसेसरच्या नावात 'के' हे अक्षर लागते आणि बोर्ड 'झेड' कुळातला लागतो. 'बी' कुळातल्या नव्या बोर्डांवर रॅमची गती वाढवता येते, प्रोसेसरची नाही. एएमडीचा पंथ अधिक उदार. तेथे मधल्या किमतीच्या बी650 बोर्डावरही प्रोसेसरची गती वाढवता येते. मज्जाव आहे तो स्वस्तातल्या ए620 वर. आम्ही अर्थातच उदार पंथाकडे वळलो.

जोडण्यांचे प्रकरण मात्र मला वाटले होते तितके सोपे निघाले नाही. बोर्डाच्या पाठीमागे दिसतात तितकी दारे खरी, अशी माझी भाबडी समजूत. यूएसबीचेच पाहा. 2008 साली जी 3.0 होती, तिलाच पुढे 3.1 जेन 1 म्हणू लागले आणि त्यापुढे 3.2 जेन 1. नामकरणे तीन झाली, गती तीच राहिली: सेकंदाला 5 गिगाबिट. दारांच्या आतली व्यवस्था तर याहून मौजेची. रायझन 7000 मालिकेतल्या प्रोसेसरपासून पीसीआयईच्या 28 लेन निघतात. त्यांतल्या 16 ग्राफिक्स कार्डासाठी, काही एम.2 जातीच्या एसएसडीसाठी आणि केवळ 4 चिपसेटकडे. बरेचसे यूएसबी, साटा आणि नेटवर्क यांचा संसार या चार लेनवर चालतो. चाळीत बिऱ्हाडे कितीही वाढवा, नळ एकच! काही बोर्डांवर तर एका एम.2 खाचेत एसएसडी बसवली, की साटाच्या दोन जोडण्या आपोआप मुक्या होतात. ही गोष्ट पुस्तिकेत बारीक अक्षरांत लिहिलेली असते. बोर्ड घेण्यापूर्वी ती पुस्तिका वाचावी, एवढा एक उपदेश मी माझ्या वतीने अवश्य करीन.

चौथ्या रविवारऐवजी आम्ही शनिवार धरला आणि ग्रँट रोड स्टेशनावर उतरून लॅमिंग्टन रोडवर गेलो. या रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग; पण ते नाव पाट्यांनी जपले आहे आणि जुने नाव जिभांनी. एका लहानशा दुकानात दुकानदाराने दोन बोर्ड समोर ठेवले. एक भडक दिव्यांचा, दुसरा साधा. मला दोहोंत काही भेद दिसेना. चिरंजिवांनी दिव्यांकडे ढुंकूनही पाहिले नाही, सॉकेटच्या कडेला बसवलेल्या धातूच्या जाड ठोकळ्यांवर बोट ठेवून तो म्हणाला, "बाबा, बोर्ड येथे ओळखायचा."

त्या ठोकळ्यांखाली असते ते व्हीआरएम. वीजपुरवठ्याकडून येणारा 12 व्होल्टचा दाब उतरवून तो प्रोसेसरला मानवेल असा सव्वा व्होल्टच्या आसपास आणून देणे, हे त्याचे काम. दाब उतरला की प्रवाह वाढतो. 120 वॅट शक्ती 1.2 व्होल्टने द्यायची म्हणजे 100 अँपियर! आमच्या अख्ख्या घराचा मुख्य खटका 32 अँपियरला पडतो; दाब निराळा, तुलना न्याय्य नव्हे, तरी तो आकडा ऐकून मी त्या ठोकळ्यांकडे जरा आदराने पाहिले. गती वाढवायची तर बहुधा दाबही वाढवावा लागतो आणि उष्णता गतीच्या प्रमाणात वाढते तशी दाबाच्या वर्गाच्या प्रमाणातही वाढते. गती दहा टक्के आणि दाब दहा टक्के वाढवला, तर उष्णता तेहेतीस टक्के वाढते. हौस एकाची आणि भार दुसऱ्यावर, हा न्याय यंत्रांतही आहे.

मला 1998 साल आठवले. मी तेव्हा नुकताच अध्यापक झालो होतो. त्या वर्षी इंटेलचा सेलेरॉन 300ए आला होता, 300 मेगाहर्ट्झचा. माझ्या एका मित्राने बोर्डाच्या बसची गती 66 वरून 100 वर नेली आणि तोच प्रोसेसर 450 मेगाहर्ट्झने निमूटपणे धावू लागला. दीडपट गती, एक पैसाही न देता! ही हकीकत मी मोठ्या रंगाने सांगितली आणि विचारले, "तुझ्या चिपची किती वाढेल?"

"फार तर चार-पाच टक्के," तो म्हणाला. "तेव्हा कंपन्या वाव ठेवत, बाबा. आता चिप कारखान्यातूनच ताणून येते. 95 अंश सेल्सियसपर्यंत तापून काम करणे हे या मालिकेच्या रचनेतच धरलेले आहे. उरत काहीच नाही." थोडे थांबून तो पुढे म्हणाला, "आणि जे उरते तेही प्रत्येकीत निराळे. एका साच्यातल्या दोन चिपा सारख्या निघत नाहीत. एकीला जे झेपते ते दुसरीला झेपेलच असे नाही. थोडे वाढवायचे, तपासायचे, मग पुन्हा थोडे. त्यातूनही फार झालेच, तर यंत्र शहाणे असते. सोसवेनासे झाले की ते स्वतःच गती उतरवते."

तो हे बोर्डाकडे पाहत बोलत होता. त्याच्या स्वरात टोमणा नव्हता. असता तर मला बरे वाटले असते.

दोन वर्षांपूर्वी हाच मुलगा अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेला बसला होता. त्याच्या आत्याचा मुलगा आदल्या वर्षी उत्तम गुणांनी पार पडला होता. एका घरातली, एका रक्ताची मुले, तेव्हा याला का झेपू नये, असा माझा हिशेब. पहाटे पाच वाजता मी त्याच्या खोलीचे दार ठोठावीत असे आणि रात्री अकरापर्यंत त्या खोलीतला दिवा मालवू देत नसे. तो कधी नाही म्हणाला नाही. परीक्षेच्या दिवशी तो अर्ध्या तासात बाहेर आला आणि म्हणाला, "अक्षरे दिसतात, पण वाचता येत नाहीत." त्यानंतर कित्येक आठवडे तो फारसे बोललाच नाही. आज तो भौतिकशास्त्र शिकतो आणि आनंदाने शिकतो. त्या दिवसाविषयी मात्र आमच्या घरात कोणी शब्द काढीत नाही. परक्याच्या मुलांना तीस वर्षे शिकवून मला जे कळले नाही, ते एका दुकानाच्या फळीपुढे उभे राहून मी आकड्यांनिशी ऐकत होतो.

मी म्हणालो, "माझे चुकले होते." कशाविषयी ते मी सांगितले नाही आणि त्यानेही विचारले नाही. त्याने केवळ तो साधा बोर्ड हातात घेतला, पाठीमागचे एक लहानसे बटण मला दाखवले आणि म्हणाला, "हे क्लिअर सीमॉस. प्रयोग फसला तर हे दाबायचे. बोर्ड सगळे विसरतो आणि पुन्हा पहिल्यासारखा सुरू होतो." क्षणभराने तो हसला. "माणसांना थोडा वेळ लागतो, एवढेच."

तोच बोर्ड आम्ही घेतला. बी650, मायक्रो-एटीएक्स, व्हीआरएमवर जाड ठोकळे, एम.2 च्या दोन खाचा, 2.5 गिगाबिटची नेटवर्क जोडणी आणि माझ्या साऱ्या वृद्ध मंडळींना पुरतील इतकी यूएसबीची दारे. दिव्यांचे पैसे वाचले, ते रॅमच्या कामी आले. त्याच रात्री त्याने संगणक जुळवला. पडद्यावर बायॉस उघडले, तेव्हा मी खुर्ची ओढून शेजारी बसलो. आता गती वाढवण्याचा सोहळा पाहावयास मिळणार होता. पण चिरंजिवांनी प्रोसेसरची मर्यादा 105 वॅटवरून 65 वर उतरवली. इको मोड म्हणतात त्याला.

"अरे, मग हा भक्कम बोर्ड घेतला कशाला?"

"थोडासा वाव असावा म्हणून. असला की वापरलाच पाहिजे असे कुठे आहे? गती किती कमी झाली ते तुम्हांला कळणारही नाही. पंखा मात्र गप्प राहील."

आणि खरोखरच पंखा गप्प राहिला. रात्री उशिरापर्यंत त्याच्या खोलीतून बोलण्याचा आणि हसण्याचा आवाज येत होता. मित्र पडद्यावर जमले असावेत. दुसऱ्या दिवशी रविवार होता. जुन्या सवयीने मला पहाटे पाच वाजता जाग आली आणि पाय आपोआप त्याच्या खोलीपर्यंत गेले. दार बंद होते. मी क्षणभर तेथे उभा राहिलो आणि मग पायांचा आवाज न करता स्वयंपाकघरात जाऊन माझ्यापुरता चहा टाकला.