धार आणि पाठ

कुणाला पोस्टाची तिकिटे जमवण्याचा नाद असतो, कुणाला जुनी नाणी. हे छंद सभ्य समजले जातात. तिकिटांचा आल्बम पुढे ठेवला तर पाहुणे कौतुकाने पाने उलटतात. मी माझी ट्रंक उघडली की पाहुणे आधी दाराकडे पाहतात. कारण माझ्या ट्रंकेत सुऱ्या आहेत.

घाबरू नका. खटक्याचे चाकू त्यात नाहीत, राजेरजवाड्यांच्या कट्यारीही नाहीत. चिमूर म्हटले की जुन्या माणसांना १९४२ चा ऑगस्ट आठवतो आणि नव्यांना ताडोब्याचा वाघ. माझा जीव मात्र अडकला आहे तो आठवडी बाजाराच्या त्या कोपऱ्यात, जिथे पोत्यावर विळे, कोयत्या आणि पावश्या मांडून लोहार बसलेला असतो. (पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी सांगतो : तुमची विळी ती आमची पावशी.)

या पात्यांत पाहण्यासारखे काय आहे, असे तुम्ही विचाराल. धान कापायचा विळा हातात घ्या. अंगाने हलका, पात्याला बारीक दाते. कारण दिवसभर वाकून मूठ मूठ धान कापणाऱ्या बाईच्या मनगटाला तो जड होता कामा नये. शेजारी बुरुडाची कोयती ठेवा. तिची पाठ जाड, कारण तिला बांबू फाडायचा असतो. चर्मकाराच्या रापीला टोकच नाही. तिला भोसकायचे नसते, चामडे तासायचे असते. कायद्यालाही हा फरक कळतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पाते शस्त्रांत मोडते. पण घरकामाची आणि शेतीची हत्यारे त्यातून वगळली आहेत. म्हणून माझी ट्रंक निर्धास्त आहे.

पण जमवणे निराळे आणि घडवणे निराळे. आपल्या हाताने एक तरी सुरी करावी, असे मनाने घेतले आणि मी लोहाराचा सल्ला घ्यायला गेलो. त्याने भात्याचा पंखा थांबवला नाही. म्हणाला, "करा जी गुरुजी. पन पाठीले पानी पाजू नका. धार कडक राहू द्या, पाठ नरम राहू द्या. नाहीतं काचेवानी मोडन."

एका वाक्यात सगळे शास्त्र आले.

मी एक झिजलेली कानस निवडली. कानशीच्या पोलादात शंभरात एक भागाच्या आसपास कर्ब असतो, त्यामुळे धार चांगली धरते. पण कानशीने कानस कशी घासणार? म्हणून ती आधी शेगडीत लाल करून रात्रभर राखेत पुरून ठेवली. सकाळी ती मवाळ झाली होती. मग आठ दिवस, रोज संध्याकाळी तासभर, घासणे. मुठीच्या खिळ्यांची भोकेही तेव्हाच पाडून घ्यावी लागतात. नंतर पोलाद ऐकत नाही.

पुढे पाणी पाजणे. तापत्या पोलादाला लोहचुंबक चिकटेनासे झाले की ते सुमारे ७७० अंशांवर पोचले असे समजावे. त्याहून किंचित पुढे जायचे. लोहाराला चुंबक लागत नाही, तो रंग पाहतो. म्हणून तर त्याचे दुकान अंधारे असते! पाते पिकल्या बोरासारखे लाल झाले, तेव्हा मी फक्त त्याची धार कोमट जवसाच्या तेलात बुडवली. घरभर धूर झाला आणि घरच्या मंडळींनी माझ्या छंदाविषयीचे आपले मत पुन्हा एकदा ऐकवले.

आता धार कडक होती, पण ठिसूळ. पाते घासून चकचकीत केले आणि पाठ तापलेल्या लोखंडी पट्टीवर टेकवली. थोड्या वेळाने पाठीवर निळा रंग उमटला; पुढे जांभळा, मग तपकिरी, आणि वाळल्या गवताचा पिवळा रंग हळूहळू धारेकडे सरकू लागला. तो धारेला टेकताच पाते पाण्यात! दोन श्वास उशीर झाला असता, तर आठ दिवसांची मेहनत मऊ पडली असती. मूठ केली ती धावड्याची. कुऱ्हाडीच्या दांड्यालाही आपल्याकडे हेच लाकूड लागते.

लोखंडाचा आणि या जिल्ह्याचा संबंध जुना आहे. इथल्या लोहाऱ्याच्या खनिजाविषयी १८८२ साली फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाचा अहवाल निघाला. तो जमशेटजी टाटांच्या वाचनात आला आणि पोलादाच्या कारखान्याचे वेड त्यांच्या डोक्यात शिरले. पण जवळचा वरोऱ्याचा कोळसा त्या कामाला उतरला नाही. अखेर कारखाना झाला साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपुरात, आणि १९१२ साली तिथे पोलाद निघाले. आता गडचिरोलीतल्या सुरजागडचे खनिज ट्रक भरभरून बाहेर जाते. आमचा लोहार ट्रकचा मोडका कमानपाटा विकत आणतो आणि त्याचे विळे करतो. कोण जाणे, त्यातला एखादा पाटा त्याच खनिजाच्या ओझ्याखाली मोडलेला असेल!

माझी सुरी काही देखणी नाही. पण ती केल्यापासून मला ट्रंकेतली पाती वाचता येऊ लागली आहेत. कुठे धार किती कडक ठेवली, पाठ किती राखली, हे बोटांना कळते. प्रत्येक पात्यामागे भट्टीच्या उजेडात रंग ओळखणारा एक डोळा होता. बाजारातल्या छापील सुऱ्या स्वस्त आहेत, आणि लोहाराचा मुलगा ऐरणीपाशी बसत नाही. त्याला दोष कसा देणार? भट्टीत पोट भरायला हवे. पण तो डोळा मिटला, की माझ्या ट्रंकेत उरेल ते नुसते लोखंड.

म्हणून यंदा खंडेनवमीला हळदकुंकू वाहून झाल्यावर मी पाती पुन्हा ट्रंकेत टाकली नाहीत. दोन विळे शेजारच्या शेतात कापणीला गेले आहेत. त्यांची धार बोथट झाली, की ती लावायला लोहाराकडेच जावे लागेल.