दोन बोटांचा प्ले

स्टिअरिंगमधला प्ले एका दिवसात येत नाही. आज केसभर, पुढच्या महिन्यात अजून केसभर. रोज गाडी चालवणाऱ्याला तो कळतच नाही, कारण त्याचे हात नकळत तेवढी भरपाई करत राहतात.

माझ्या मामांचं असंच झालं होतं. निफाड तालुक्यात त्यांची शेती आणि एक जुनी पिकअप. कांदा भरायचा, लासलगावला न्यायचा, नाहीतर कसारा घाट उतरून थेट वाशी गाठायची. स्टिअरिंग दोन बोटं फिरवलं तरी चाकं ढिम्म! मामा म्हणाले, "सवय आहे तिची." सवय खरं तर मामांना होती. पण या हंगामात वाशीची खेप मामेभाऊ नेणार होता आणि त्याच्या हातांना ती अजिबात नव्हती. घाटात शेजारून ट्रेलर जात असताना ती होण्याची वाट कोण बघणार?

मिस्त्री आले, स्टिअरिंग हलवून बघितलं आणि म्हणाले, "बॉक्सचा स्क्रू पाव आटा कसतो. पाच मिनिटांचं काम."

आमच्या आयटीत याला पॅच म्हणतात. बॉक्सवर तसा स्क्रू असतो हे खरं, पण तो बॉक्सच्या आतल्या गियरसाठी. झीज दुसरीकडे असताना तो कसला तर प्ले थोडा कमी वाटतो, पण स्टिअरिंग मधोमध जड होतं आणि वळण संपल्यावर आपणहून सरळ येत नाही. म्हणजे जुना बग तसाच आणि वर एक नवीन.

म्हणून म्हटलं, "मिस्त्री, आधी शोधू." मागच्या चाकांना दगड लावले. पुढची चाकं जमिनीवरच, इंजिन बंद. भाऊ आत बसून स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवत राहिला आणि मी खाली झोपून एकेका जोडावर हात ठेवत गेलो. ड्रॉप आर्म ठीक. टाय रॉडची दोन्ही टोकं ठीक. ड्रॅग लिंकच्या पुढच्या टोकाला मात्र बोटाला स्पष्ट 'टक्' लागलं. रबरी बूट फाटलेला, आत ग्रीसऐवजी वाळलेला चिखल. या जोडात एक गोळा वाटीत फिरत असतो. बूट फाटला की पाणी आणि धूळ आत जाते, ग्रीस संपतं आणि वाटी झिजते.

झीज असते किती? गंमत म्हणून हिशोब केला. समजा ड्रॉप आर्म 15 सेंटीमीटरचा, बॉक्सचं गुणोत्तर 20 ला 1 आणि स्टिअरिंगचा व्यास 40 सेंटीमीटर. तर जोडातल्या 1 मिलिमीटर ढिलाईचे हातात जवळपास अडीच सेंटीमीटर होतात. खाली नखाएवढी झीज, वर दोन बोटांचा प्ले!

नवीन एंड आणला. पिन काढून खाचांचा नट सोडवला, पण जोड टेपरमध्ये घट्ट बसलेला. इथे आट्यांवर हातोडा मारायचा नाही, आटे जातात. मिस्त्रींनी आर्मच्या डोळ्याला एका बाजूने जड हातोडा टेकवला आणि दुसऱ्या बाजूने घाव घातले. तिसऱ्या घावाला सुटला. यात त्यांचा हात बघण्यासारखा होता. जुना एंड काढताना मी आटे मोजले : साडेसतरा. नवीन तेवढाच आत घातला, नाहीतर गाडी सरळ आणि स्टिअरिंग वाकडं. पिनचं भोक जुळेना, तर नट सैल न करता थोडा अजून कसला आणि पिन नवी टाकली. जुनी पिन परत वापरायची नाही. वाचतात दोन-चार रुपये, अडकतो जीव.

भावाने गाडी गावाबाहेर नेली, सुतासारखी सरळ. मामांनी चालवली तर पहिले दोन किलोमीटर गाडी नागमोडी! हात अजून जुन्या प्लेची भरपाई करत होते. "फार लागतं रे हे," म्हणाले.

असो. गाडी तुमची असो वा घरच्यांची, वर्षातून एकदा दुसऱ्या कोणाच्या तरी हातात देऊन बघा आणि "जरा ढिलं वाटतंय" असं तो म्हणाला तर वाद न घालता खाली वाकून रबरी बूट तपासा. त्याला सवय नाही, म्हणून त्यालाच खरं कळतं.