रामटेकचे दोन रामचंद्र

नागपूरकर रामटेकला जातो तो वीकेंडला. बाइक काढायची, जबलपूर रोडने मनसर गाठायचं, तिथून आत वळायचं. गडमंदिरावर फोटो, खाली अंबाळ्याच्या काठी चहा, की संध्याकाळी घरी. पन्नासेक किलोमीटर, बस्स! मी मात्र खापरपणजोबांना शोधायला गेले होते.

पप्पांच्या सपिंडीला गुरुजींनी त्यांच्या वरच्या तीन पिढ्या विचारल्या. काकांनी सांगितलं : रामचंद्र, गणपत, रामचंद्र. आजोबांचं नाव नातवाला, हा आपल्याकडचा जुना रिवाज. त्यामुळे पप्पा गणपत रामचंद्र आणि त्यांचे आजोबाही गणपत रामचंद्र, आडनावासकट डिट्टो. त्यात प्रत्येक भाऊ आपल्या मुलाला हेच नाव देणार, म्हणजे चुलतभाऊही सेम! पप्पा नेहमी सांगायचे, आपले रामचंद्र रामटेकहून पायी नागपूरला गेले आणि एम्प्रेस मिलमध्ये लागले. १८७७ सालची टाटांची मिल. पप्पांना त्याचा केवढा अभिमान! आणि जुन्या कागदांत मला सापडले एकाच गावचे दोन रामचंद्र गणपत. कोतवाल बुकातल्या नोंदीत बापाचं नाव, पुढे नुसतं ‘मुलगा’. आता ओळखायचं कसं?

उत्तर गडावर सुचलं. केवल नरसिंहाच्या देवळात वाकाटकांच्या काळातला शिलालेख आहे. पाचव्या शतकात इथून जवळच, नंदिवर्धनला, त्यांची राजधानी होती. त्यांच्या घराण्यातही आमच्यासारखाच घोळ : दोन प्रवरसेन, दोन रुद्रसेन, दोन पृथिवीषेण. ‘पहिला’, ‘दुसरा’ हे आकडे आपले, इतिहासकारांनी लावलेले. ताम्रपटांत ते नाहीत. तिथे एका रुद्रसेनाची ओळख दिलीय ती ‘भवनागाचा दौहित्र’ अशी, म्हणजे आईच्या माहेरावरून. धाकटा प्रवरसेन ओळखायचा तो प्रभावतीगुप्तेचा मुलगा म्हणून. (तिचे वडील दुसरे चंद्रगुप्त, तेही आजोबांच्याच नावाचे!) नागपूरकर भोसल्यांतले तिसरे रघूजी तर दुसऱ्या रघूजींच्या मुलीचा मुलगा. मूळ नाव बाजीबा, आडनाव गुजर. १८१८ मध्ये गादीवर बसवताना त्यांचं नाव रघूजी झालं.

थोडक्यात काय, पुरुष सारखेच. वेगळ्या असतात त्या बायका.

मग मी रामचंद्र शोधणं सोडलं आणि त्यांच्या बायका शोधायला लागले. एका जुन्या वारसनोंदीत मयत रामचंद्र गणपत यांच्या शेतावर विधवा जनाबाईचं नाव चढलेलं मिळालं. पप्पांच्या आत्या नव्वदीच्या पुढे आहेत. त्यांना फक्त एवढंच विचारलं, “तुमच्या आजीचं नाव काय हो?”

“जनाबाई. मनसरची होती. शेतावरून कधी हलली नाही.”

“आणि मिलमध्ये गेले ते?”

“ते दुसरं घर, बाई. चुलत्यांचं. आपले आजोबा इथंच राहिले, अन् इथंच गेले.”

म्हणजे पप्पांची लाडकी गोष्ट खरी होती, फक्त शेजारच्या रामचंद्रांची. काकांना फोन केला. ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “त्या चुलत घरातलं कुणी नागपुरात असेल ना? त्यांना तरी ही गोष्ट माहीत आहे का, बघ.”

आता तिकडच्या रामचंद्रांच्या बायकोचं नाव शोधतेय.