पिंपातली आंबोली

आंबोली म्हणजे धबधबा, भजी आणि ओलीचिंब जीन्स, एवढंच ठाऊक असेल तर यंदा जरा घरांच्या मागच्या दारी डोकावून बघा. तिथल्या एका निळ्या पिंपात अख्खा पावसाळा राहायला आलेला असतो!

जुलै-ऑगस्टमधल्या कुठल्याही रविवारी आंबोलीच्या मुख्य धबधब्यापाशी उभं राहा. कोल्हापूर, बेळगाव, गोवा, पुणे... सगळ्या पासिंगच्या गाड्या एकामागे एक. डिकीतून म्युझिक ठणाणतंय, कणसांचा धूर, ‘ए, एक ग्रुप फोटो!’चा गलका. दोन तासांत फोटो, भजी, चहा उरकतो आणि पब्लिक घाट उतरायला मोकळं. आंबोली ‘करून’ झालेली असते.

पण बॉस, आंबोलीची खरी गर्दी सुरू होते अंधार पडल्यावर. आणि ती बघायला कुठल्याही पॉइंटवर जावं लागत नाही.

पागोळ्यांखालचं पिंप

मी उतरले होते ते एका काकूंचं कौलारू घर. होमस्टे म्हणजे त्यांच्याच राहत्या घरातली एक खोली. मागच्या पडवीत पागोळ्यांखाली दोन पिंपं. एकावर घट्ट फडकं बांधलेलं, दुसरं सताड उघडं. पावसात लाइट गेली की पंप बंद, मग भांडी, पाय धुणं, गुरांचं पाणी, सगळी भिस्त या पिंपांवर. आंबोलीत वर्षाला साधारण सात हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे पुण्याच्या जवळपास दहापट. पिंप भरायला एक संध्याकाळ पुरते!

उघड्या पिंपावर झुकलेल्या फांदीला कुणीतरी शेव्हिंग फोम फासून ठेवावा तसा पांढरा गोळा चिकटलेला. मी हात पुढे केला तसा मागून आवाज आला, ‘‘तेंका हात लावू नको गो. बेडकाची पोरां आसत ती.’’

फेसातला संसार

ही सगळी करामत मलबार ग्लायडिंग फ्रॉगची, म्हणजे उडत्या बेडकाची. पोपटी अंग, बोटांमध्ये लालसर-केशरी पडदे आणि टपोरे डोळे. हा फक्त पश्चिम घाटातच सापडतो. उडतो म्हणजे पक्ष्यासारखा नाही. उंच फांदीवरून झेप घेतो आणि बोटांमधले पडदे पसरून तरंगत खाली येतो. नऊ ते बारा मीटर अंतर कापल्याच्या नोंदी आहेत. हातभरही लांबी नसलेल्या जिवासाठी हे म्हणजे सॉलिडच!

पाऊस लागला की मादी पाण्यावर झुकलेल्या पानांवर येते. अंगातून सोडलेला स्राव मागच्या पायांनी घुसळते, आपण अंड्याचं पांढरं फेटतो ना, अगदी तसा. त्या फेसात अंडी. बाहेरचा थर सुकतो, आतला ओलावा टिकतो. काही दिवसांनी अंडी फुटतात, फेस पातळ होतो आणि बेडूकमासे टपाटप खाली पाण्यात. खाली पाणी असणं मस्ट! जंगलात हे काम डबकी करतात. माणसांच्या वस्तीत सिमेंटच्या टाक्या आणि अशी पिंपं करतात.

बेडूक आले की त्यांच्यामागून पाहुणेही येतात. रात्री टॉर्च मारला तर दोन हातांवरच्या झुडपात मलबारी चापडा वेटोळं घालून बसलेला. विषारी साप, पण जागचा हलेल तर शपथ. काकूंनी शांतपणे मला दोन पावलं मागे ओढलं. ‘‘तो जेवूक इलोहा. आपण जाव्या.’’

तळाशी कोण, कोण?

सकाळच्या उजेडात पिंपात नीट बघितलं आणि पंधरा मिनिटं कशी गेली कळलंच नाही. पानांच्या कुजलेल्या थरावर शेपट्या हलवणारे बेडूकमासे. पाण्याच्या पृष्ठभागावर स्केटिंग करणारे पाणकिडे. तळाशी मातीच्या रंगाची, सहा पायांची चतुराची अळी. दिसायला गरीब, पण खालचा ओठ घडी घातलेल्या हातासारखा! भक्ष्य टप्प्यात आलं की घडी उलगडते आणि खेळ खल्लास. डासांच्या अळ्या हे तिचं आवडतं खाणं, पण छोटा बेडूकमासाही तिला वर्ज्य नाही.

आणि हे झालं फक्त डोळ्यांना दिसणारं पब्लिक. १६७५ मध्ये हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहूक नावाच्या कापडव्यापाऱ्याने भांड्यात साठलेलं पावसाचं पाणी स्वतः घासलेल्या भिंगातून बघितलं. त्यात त्याला हजारो सूक्ष्म जीव वळवळताना दिसले. पुढच्या वर्षी त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून हे कळवलं. एका अख्ख्या अदृश्य दुनियेचा शोध लागला तो साठवलेल्या पावसाच्या पाण्यातून. काकूंचं पिंप काही कमी नाही!

सात दिवस की महिनाभर?

आता यातली गोम. त्याच सकाळी आरोग्यसेवक दारात हजर. हातात टॉर्च, पिशवीत बरणी, बरणीत गप्पी मासे. त्याने पिंपात उजेड मारला आणि बोट दाखवलं. बेडूकमाशांच्या गर्दीत तीन-चार बारीक, वळवळत्या अळ्या. डासांच्या.

हे हसण्यावारी न्यायचं प्रकरण नाही. डेंगी पसरवणारा एडिस डास असल्याच साठलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणून तर ‘आठवड्यातून एक दिवस कोरडा’ हा नियम. नुसतं पाणी ओतूनही भागत नाही, कारण अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही महिनोन् महिने तग धरतात. पिंप घासावंच लागतं. गेल्या वर्षी काकूंच्या धाकट्या दिरांना डेंगी झाला होता, तेव्हा त्यांना हे कुणी शिकवायला नको.

पण बेडूकमाशाचा बेडूक व्हायला महिन्याहून जास्त वेळ लागतो. दर आठवड्याला पाणी ओतलं की डासांबरोबर तोही गेला. आणि गप्पी? मूळचा दक्षिण अमेरिकेतला हा मासा डासांच्या अळ्या खातो हे खरं, पण छोटे बेडूकमासेही सोडत नाही.

‘‘गप्पी हंय नको, झिला. माझी पोरां खातले,’’ काकू म्हणाल्या.

‘‘काकी, नियम सगळ्यांना सारखो,’’ तोही हटेना. मग दोघांचं बरंच बोलणं झालं, त्यात चहाही झाला. शेवटी काकू उठल्या. घमेल्यात पिंपातलं थोडं पाणी घेतलं आणि चहाच्या गाळणीने डासांच्या अळ्या काढून जमिनीवर टाकल्या. मग बेडूकमासे, चतुराची अळी आणि मूठभर कुजकी पानं घमेल्यात घातली. पिंप आडवं केलं आणि काथ्याने आतून खसाखसा घासलं. आरोग्यसेवकाने बाही वर करून मदतच केली! संध्याकाळच्या सरीत पिंप पुन्हा काठोकाठ भरलं आणि मंडळी आपल्या घरी परत.

म्हणजे दर आठवड्याला दीड तासाचं काम, तेही सप्टेंबरपर्यंत. ‘‘कंटाळा नाही येत?’’ मी विचारलं. काकूंनी फांदीवरच्या फेसाकडे बघितलं. ‘‘आमच्या आदी हंयसर तेच रवत होते.’’

यावर काय बोलणार? वर्ष-वर्ष भाडं भरूनही शेजाऱ्याचं नाव माहीत नसणारे आपण!

जाणार असाल तर...

कसं जाल : सावंतवाडीहून घाट चढून साधारण ३० किलोमीटर, बेळगावहून साधारण ७०. कोल्हापूरकडून आजरामार्गे. रेल्वेने सावंतवाडी रोड स्टेशन.

कधी : जून ते सप्टेंबर. रविवार टाळा, मधल्या वारी जा.

आणखी काय : हिरण्यकेशी नदीचा उगम. इथल्या कुंडातल्या ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ या माशाची नवी जात म्हणून २०२० मध्ये नोंद झाली आणि २०२१ मध्ये ही जागा जैविक वारसा स्थळ ठरली. आंबोलीच्या नावानेच ओळखली जाणारी ‘आंबोली टोड’ ही जात २००९ मध्ये जगासमोर आली.

हे पाळाच : रात्री घाटात आणि गावात गाडी हळू चालवा. रस्त्यावर बेडूक असतात. फोटोसाठी बेडूक हातात घेऊ नका, साप डिवचू नका. टॉर्च आणि गमबूट हवेतच.

घरी आल्यावर : कुंड्यांखालच्या बश्या, कूलर, गच्चीवरची पिंपं आठवड्याला ओता आणि घासा. ओतण्याआधी एकदा आत डोकावा मात्र. कुणी राहायला आलं असेल तर?