अंगणातला बिबळ्या

आमच्या अहेरीच्या परसात दोन शेळ्या आहेत. लेकीने त्यांना नावे दिल्यापासून त्या विकणे अशक्य झाले. हेमलकशाला, लोकबिरादरी प्रकल्पात, डॉ. प्रकाश व मंदाकिनी आमटे यांच्या अंगणात तर बिबळे आणि अस्वले मुलांबरोबर वाढली. १९७३ साली सुरू झालेल्या त्या प्रकल्पात पहिले आले ते शिकारीत आई गमावलेले माकडाचे पिल्लू. माडियांची शिकार भुकेपोटी होती, म्हणून पिल्लांच्या बदल्यात आमटे धान्य देत. गौरवलेखांतून नेमके हे धान्यच गळते. विलास मनोहरांचे ‘नेगल’ वर्गात वाचताना एका माडिया विद्यार्थ्याने विचारले, “बिबळ्याला मटण कुठून आणत?” वर्ग हसला. आम्ही पुढचे पान त्यालाच वाचायला दिले.